ब्राह्मीला वाफसा नको, चिखल हवा

आपण लिहिता की रोपवाटिकेतून आणलेली ब्राह्मी आपण तळाला भोक असलेल्या कुंडीत, लाल माती आणि कोकोपीटच्या मिश्रणात लावली आणि इतर कुंड्यांप्रमाणे तिलाही रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत राहिलात. पहिले दोन महिने ती चांगली वाढली. मग खालची पाने पिवळी पडून गळू लागली, शेंडे करपले, फांद्या लांबट आणि विरळ झाल्या, आणि फूल तर एकही आले नाही. ही मुळात खरी ब्राह्मी आहे का, तिला ऊन किती द्यावे, आणि पाने कधी तोडून कशी वाळवावीत, हे आपण विचारले आहे. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

बागकाम शिकताना आपल्या हाताला एक सवय लागते: पाणी द्यावे, ते निचरून जाऊ द्यावे, मातीला वाफसा आला, म्हणजे जादा पाणी जाऊन माती मोकळी ओलसर झाली, की पुन्हा द्यावे. शंभरातल्या नव्वद झाडांना हेच मानवते. ब्राह्मी उरलेल्या दहांतली आहे. ओढ्याकाठचा चिखल, तळ्याची उथळ कड, भातखाचराचा बांध, सतत पाझर असलेली सखल जागा ही तिची राहण्याची ठिकाणे. तिची मुळे पाण्याने भरलेल्या, हवा जवळजवळ नसलेल्या मातीत जगू शकतात. दुपारी चार तास कुंडी कोरडी पडली तरी तिच्यासाठी तो दुष्काळच असतो, कारण तिची मुळे वरच्या पाच-सात सेंटीमीटरमध्येच पसरलेली असतात आणि खाली जाऊन ओल शोधणे हा तिचा स्वभाव नाही. आपली कुंडी सकाळी भिजत होती आणि दुपारी सुकत होती. पिवळी पाने आणि करपलेले शेंडे ही त्याचीच खूण आहे. अशा वेळी लोक खत वाढवतात, आणि कोरड्या मातीत वाढलेल्या खताने शेंडे आणखी करपतात.

आता ओळखीचा प्रश्न. तो आपण विचारलात हे बरे झाले, कारण या एका नावाखाली निदान तीन-चार वेगवेगळी झाडे हातोहात फिरत असतात. खरी ब्राह्मी, जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी असेही म्हणतात आणि जिचे शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी आहे, ती ओळखायला एक फांदी हातात घेऊन नीट पाहावी. खोड रसदार, गुळगुळीत, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीचे असते. प्रत्येक पेराशी दोन पाने समोरासमोर असतात. त्यांना देठ जवळजवळ नसतोच, पान थेट खोडाला चिकटलेले असते. पान एक ते दोन सेंटीमीटर लांब, खोडाकडे निमुळते आणि टोकाकडे गोलसर रुंद, मांसल, आणि त्यावर फक्त मधली एक शीर अंधुक दिसते. जमिनीला टेकलेल्या फांदीचे पेर उलटून पाहिले तर तिथे पांढऱ्या मुळांचे कोंब फुटलेले दिसतात. पानाच्या बगलेत बारीक देठावर एकेकटे फूल येते, जेमतेम एक सेंटीमीटरचे, पांढरे किंवा फिकट जांभळट, पाच पाकळ्यांचे. पान चावून पाहिले तर ते स्पष्ट कडू लागते. अर्थात ओळख पटल्यानंतरच चावावे, ओळख पटवण्यासाठी नव्हे.

सर्वांत मोठा घोळ मंडूकपर्णीशी होतो. तिचे पान नाण्यासारखे किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडा दंतुर, आणि देठ लांब असतो. अनेक ठिकाणी तिलाच ब्राह्मी म्हणतात, आणि हा गोंधळ आजचा नाही. चरकसंहितेत एकत्र सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी आहेत; ब्राह्मी हे नाव त्या चौघांत नाही, ते अन्यत्र येते. दोन्ही औषधी आहेत, दोन्ही ओलीत वाढतात, पण त्यांची कुळेसुद्धा वेगळी आहेत: मंडूकपर्णी कोथिंबिरीच्या कुळातली, तर ब्राह्मी ही सध्याच्या वर्गीकरणानुसार इसबगोलाच्या कुळातली. दुसरा घोळ घोळीशीच होतो, शब्दशः. फुले नसताना चिवळ किंवा घोळ ही रानभाजी दुरून ब्राह्मीसारखीच दिसते. मात्र तिचे खोड बहुधा लालसर असते, फूल पिवळे असते आणि चव कडू नसून आंबूस असते. तिसरा प्रकार म्हणजे टांगत्या कुंड्यांसाठी ‘बकोपा’ या नावाने मिळणारे पांढऱ्या फुलांचे शोभेचे झाड. त्याची पाने दंतुर असतात, ते या वंशातले नाहीच आणि औषध म्हणून त्याचा काही उपयोग नाही. माशांच्या टाकीसाठी विकली जाणारी एक खरीखुरी बकोपाही आहे, पण तिचे पान चुरगळल्यावर लिंबासारखा वास येतो आणि फूल निळे असते. तीही ही नव्हे. आपल्या वर्णनातले जाड, बिनदेठाचे, एकशिरेचे पान पाहता आपल्याकडे खरी ब्राह्मी असण्याचीच शक्यता अधिक आहे. पहिले फूल आले की उरलेली शंका फिटेल.

लागवडीसाठी उंच कुंडी घेऊ नये. पंधरा ते वीस सेंटीमीटर खोल आणि जितके मिळेल तितके रुंद भांडे घ्यावे. तीस-चाळीस सेंटीमीटर व्यासाचा टब एका घरासाठी पुरेसा होतो. तळाला भोक ठेवू नये. त्याऐवजी कडेपासून चार-पाच सेंटीमीटर खाली एका बाजूला भोक पाडावे, म्हणजे जादा पाणी तेवढे वाहून जाईल आणि त्याखालची माती कायम भिजलेली राहील. हे जमत नसेल तर सध्याचीच कुंडी पसरट परातीत ठेवून परातीत कायम पाणी ठेवावे. कुंडी उथळ असेल तर हा उपायही उत्तम चालतो.

माती मात्र बदलावी लागेल. दोन भाग गाळाची किंवा चिकण माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठ-दोन मूठ जाड वाळू हे मिश्रण मी वर्षानुवर्षे वापरतो. कोकोपीट यात घालू नये. मी सुरुवातीला हलक्या मातीच्या मोहाने अर्धे कोकोपीट घातले होते. पाणी भरल्यावर सकाळी पाहतो तो सगळा भुसा वर तरंगत होता आणि रोपे त्यावर आडवी पडली होती. शेणखत खरोखर कुजलेलेच हवे, कारण पाण्याखाली कच्चे खत सडते, दुर्गंध सुटतो आणि कोवळी मुळे काळी पडतात. माती भांड्यात भरल्यावर पाणी घालून हाताने चांगली चिखलणी करावी आणि ती दोन दिवस तशीच बसू द्यावी. मग ती साईसारखी एकजीव होते आणि तिच्यात काडी सहज उभी राहते.

बी शोधण्याच्या भानगडीत पडू नये. ब्राह्मीचे बी धुळीसारखे बारीक असते, उगवायला वेळ घेते आणि उगवले तरी रोपे जपणे जिकिरीचे असते. छाट लावणे हाच सरळ मार्ग आहे, आणि आपल्या लांबटलेल्या फांद्या आता त्यासाठीच उपयोगी पडतील. करपलेला शेंडा खुडून टाकावा, आणि खालच्या हिरव्या, टणक भागाचे आठ ते दहा सेंटीमीटर लांबीचे, चार-पाच पेरे असलेले तुकडे करावेत. खालच्या दोन-तीन पेरांची पाने काढावीत आणि तो भाग तिरपा करून चिखलात दाबावा, जेणेकरून उघडी पेरे मातीला टेकतील. दोन छाटांत दहा सेंटीमीटर अंतर पुरे. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी काही छाट काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवावेत: हवा उबदार असेल तर आठवड्याभरात पेरांपासून पांढरी मुळे सुटलेली दिसतात. हे पाहण्यात मुलांनाही रस वाटतो, आणि मला अजूनही वाटतो.

पहिले आठ-दहा दिवस माती चिखलासारखी ओली असावी, पण छाटाची पाने पाण्याखाली जाऊ नयेत. या काळात दुपारचे ऊन टाळावे. नवी पाने फुटू लागली की छाट लागले असे समजावे. जे लागले नाहीत त्यांच्या जागी लगेच नांगे भरून घ्यावेत, कारण मोकळ्या जागेत शेवाळ आणि तण आधी पोहोचते. त्यानंतर मातीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी उभे राहिले तरी हरकत नाही. पूर्ण बुडालेली ब्राह्मीही जगते, पण तिची पाने पातळ होतात, वाढ उभी आणि विरळ होते आणि फुले पाण्याबाहेर डोके काढल्यावरच येतात. पाने तोडण्यासाठी लावायची असेल तर तिला बुडवू नये.

उन्हाबद्दल सल्ले परस्परविरोधी मिळतात, आणि त्यांचे कारण पाण्यात आहे. पायाशी पाणी असेल तर ब्राह्मी दिवसभराचे ऊन सहज सोसते. तीस ते चाळीस अंश तापमान आणि दमट हवा हीच तिची भरभराटीची स्थिती. पायाशी पाणी नसेल तर तेच ऊन तिला तीन दिवसांत करपवते. तिला सावलीत ठेवल्यावर सुधारणा झाली असे सांगणाऱ्यांच्या कुंड्या बहुधा कोरड्या पडत असतात. सावलीत कांडी लांबतात, पाने दूर दूर येतात आणि फुले येत नाहीत, म्हणून निदान पाच-सहा तासांचे थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. पारा चाळिशीच्या वर जात असेल तर उथळ टबातले पाणी हाताला चटका बसेल इतके तापते. तेव्हा दुपारी पातळ जाळीची सावली करावी. थंडीत पंधरा अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. पाने जांभळट होतात, झाड मलूल दिसते, आणि अनेक जण ते मेले समजून उपटून टाकतात. चिखलातली पेरे जिवंत असतात. दिवस उबदार होताच तिथूनच फुटवे येतात. कडक हिमतुषार मात्र वरचा भाग मारतो.

उभे पाणी म्हटले की डास आलेच, आणि हा विषय मी हलक्यात घेत नाही. अंड्यापासून डास होईपर्यंतचा प्रवास उबदार हवेत साधारण आठवड्याभरात पुरा होतो. म्हणून दर पाच दिवसांनी टबातले वरचे पाणी ओतून नवे भरावे, आणि कडा बोटाने पुसून काढाव्यात, कारण काही डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. हा नेम पाळता येणार नसेल तर उभे पाणी ठेवूच नये. माती केवळ चिखलासारखी ओली ठेवूनही ब्राह्मी उत्तम येते. मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडावेत. ओतलेले पाणी इतर झाडांना घालावे.

खताच्या बाबतीत ही गरीब स्वभावाची आहे. दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत मातीत दाबून द्यावे, एवढे पुरते. रासायनिक नत्र दिले तर चार दिवस हिरवीगार दिसते, मग कांडी मऊ होतात, मावा येतो आणि पाण्यावर शेवाळाची साय धरते. शेवाळ आलेच तर औषध मारण्याऐवजी पाणी बदलावे, खत थांबवावे आणि रोपे दाट होऊ द्यावीत. पाण्यावर पानांची सावली पडली की शेवाळ आपोआप मागे हटते. पिवळेपणा पुन्हा दिसला तर कोणती पाने पिवळी आहेत ते पाहावे. जुनी, खालची पाने सर्वांगाने पिवळी होत असतील आणि ओल पुरेशी असेल तर नत्राची उणीव असते. शेंड्याची नवी पाने फिकट पण शीर हिरवी अशी दिसत असतील तर पाणी फार जड आहे आणि लोह उपलब्ध होत नाही. दुसऱ्या स्थितीत साठवलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे. किंचित खारट पाण्याला मात्र ही भीत नाही. खाडीकाठच्या मचूळ पाण्यातही ती उगवते.

किडींपैकी नाकतोडे आणि पाने खाणाऱ्या अळ्या त्रास देतात. घरच्या टबात संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात हाताने वेचणे हाच सर्वांत चांगला उपाय. गोगलगायी रात्री येतात आणि एका रात्रीत कोवळे शेंडे साफ करतात. मावा दिसल्यास पाण्याचा झोत पुरतो. फारच झाला तर निंबोळी अर्क फवारावा, पण त्यानंतर निदान दोन आठवडे पाने तोडू नयेत. जे पोटात जाणार आहे त्यावर इतर कोणतेही कीटकनाशक मारू नये.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वाधिक भर देतो ती सांगतो. ब्राह्मी ज्या पाण्यात उभी असते त्यातले जड धातू ती शोषून आपल्या अंगात साठवते. कॅडमियम, शिसे, क्रोमियम आणि पारा यांच्या बाबतीत तिचा हा गुण प्रयोगांत इतका ठळक दिसला आहे की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, याचा अभ्यास झाला आहे. पाण्याला जी मदत, ती खाणाऱ्याला विष. ओढ्याकाठी किंवा गटाराच्या कडेला उगवलेली ब्राह्मी फुकट मिळते म्हणून आणू नये. कितीही धुतली तरी पानाच्या आत गेलेला धातू धुतला जात नाही. जुन्या रंगाचे डबे, बॅटरीची खोकी, आत काय भरले होते हे ठाऊक नसलेली पिंपे टब म्हणून वापरू नयेत. धुण्याभांड्यांचे पाणी किंवा औषध घातलेल्या माशांच्या टाकीचे पाणी तिला देऊ नये. जिथे गुरे-मेंढ्या चरतात अशा पाणथळीतली पाने कच्ची खाण्यात आणखी एक धोका असतो: यकृतकृमीच्या अळ्या पाणवनस्पतींवर चिकटून बसतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचीही मूळ पाने मी वापरत नाही. त्याचे छाट करून आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर वाढवतो आणि तिथे आलेलीच पाने तोडतो. आपणही नव्या टबात तसेच करावे.

कापणी लावणीनंतर साधारण अडीच ते तीन महिन्यांनी, टब पूर्ण भरून फुले दिसू लागली की करावी. उपटू नये. धारदार कात्रीने जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर ठेवून वरचा भाग कापावा. उरलेल्या पेरांतून खोडवा फुटतो आणि दोन-अडीच महिन्यांत दुसरी कापणी मिळते. तिसऱ्या-चौथ्या खोडव्यानंतर टबातली ब्राह्मीची चटई जुनी, काष्ठमय आणि मध्ये टकली होते. तेव्हा कोवळे छाट बाजूला काढून माती बदलावी आणि नव्याने लावावी. वर्षातून एकदा हे केले की पुरते. कापणीच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे, म्हणजे चिखल कमी येतो. तरी पाने तीन-चार पाण्यांतून धुवावी लागतातच, कारण पानांच्या बगलांत गाळ बसलेला असतो.

वाळवण्यात बहुतेकांची फसगत होते. ताज्या ब्राह्मीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. किलोभर ओल्या पाल्याचे वाळून जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात. पाने दोन दिवसांत कुरकुरीत होतात आणि माणसाला वाटते की काम झाले. पण खोडाच्या पेरात ओल तशीच असते. माझी पहिली बरणी अशीच गेली. वरून हिरवी दिसत होती, आणि महिन्याने झाकण उघडले तर आत बुरशीचा वास. म्हणून पाला जाळीवर एकेरी थरात, सावलीत आणि वाहत्या हवेत पसरावा, दिवसातून दोनदा उलटावा, आणि आठ-दहा दिवसांनी एक जाड पेर घेऊन वाकवून पाहावे. ते टचकन मोडले तर भरावे, वाकले तर आणखी दोन दिवस थांबावे. हवा दमट असेल तर चाळीस अंशांच्या आसपास चालणारे वाळवणी यंत्र वापरणे चांगले. भरण्यासाठी काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्यावी, ती अंधारात ठेवावी, वर तारीख लिहावी, आणि वर्षापेक्षा जुना पाला मातीला परत द्यावा.

खाण्याविषयी आपण थेट विचारले नाही, तरी थोडक्यात लिहितो. ज्यांच्यामुळे ब्राह्मीला महत्त्व आले ती बॅकोसाइड नावाची द्रव्ये 1960च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत वेगळी काढली गेली. स्मरणावर तिचा जो मर्यादित परिणाम चाचण्यांत दिसला आहे तो प्रमाणित अर्काचा, बहुधा रोज 300 मिलिग्रॅम आणि सलग 12 आठवडे घेतल्यावरचा आहे. घरच्या पानांत ही द्रव्ये ऋतू, वय आणि कापणीच्या वेळेनुसार कमीअधिक असतात, तेव्हा पानांची गणती त्या मात्रेशी जुळवता येत नाही. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, हृदयाचे ठोके मंद असणारे, आणि थायरॉईड, झोप किंवा स्मृतिभ्रंशावर औषधे घेणारे यांनी वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आपल्या सध्याच्या कुंडीपुरते सांगायचे तर आज ती परातीत ठेवून परात पाण्याने भरावी, करपलेले शेंडे खुडावेत आणि खत देऊ नये. आठवड्याभरात पेरांपाशी बारीक हिरवे फुटवे दिसले तर त्याच फांद्यांचे छाट नव्या टबात न्यावेत. दोन आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर कुंडी उलटून मुळे पाहावीत: पांढरी असतील तर आणखी थांबावे, तपकिरी आणि बोटांत चुरली जाणारी असतील तर ते रोप सोडून द्यावे आणि नवे छाट आणावेत.